उत्तरेची खूण

सोपानचा शर्ट बादलीत बुडवण्याआधी खिसा चाचपायची सवय मला लग्नानंतर लागली. खिशात स्क्रू असतात, वायरीचे तुकडे असतात, एकदा काचेचा इवलासा फ्यूज निघाला होता. आणि घरात रांगणारं मूल असलं की असल्या वस्तूंची धास्ती मनातून जात नाही. त्या शनिवारी मात्र कागद निघाला. चौकटीच्या वहीतला, चार घड्यांचा, घामानं मऊ पडलेला. त्यावर नुसत्या वेळा होत्या. सोमवार, सात अठरा. सोमवार, दोन सहा. मंगळवार, आठ अठ्ठावन्न. अशा शुक्रवारपर्यंत. प्रत्येक वेळेपुढं एक शब्द: सापडला, हरवला, हरवला, सापडला. अक्षर बाईचं होतं. नळ तसाच वाहत होता, पाणी बादलीच्या काठावरून माझ्या पायांवर यायला लागलं होतं, आणि मी उकिडवी बसून तो कागद वाचत होते. सोमवारी दोन वाजता मी काय करत होते? लेकीला झोपवत होते. मंगळवारी नऊला दोन मिनिटं कमी असताना? पिरंगुटच्या दवाखान्यात रांगेत होते, ती खोकत होती. म्हणजे माझा आठवडा इकडे चालला होता आणि दुसरा एक आठवडा कुणीतरी मिनिटा-मिनिटानं मोजत तिकडे चालवला होता. मी नळ बंद केला. मग अर्थात लगेच कळलं. त्या सोपानच्या कामातल्या उपग्रहाच्या वेळा होत्या. तो डोंगरामागून वर येतो कधी, त्याची वेळ. मी हसले सुद्धा थोडीशी, एकटीच, मोरीत. पण कागद पुन्हा उघडला. अक्षर त्याच्या हाताखालच्या जयाचं होतं, आणि सुंदर होतं. सातच्या पोटात आडवी रेघ, शून्य बंद, दोन आकड्यांत सारखं अंतर. माझंही अक्षर असंच होतं. आता ते फक्त औषधाच्या बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीत उरलंय: सकाळी अर्धा चमचा, संध्याकाळी अर्धा.

आम्ही पुण्याहून पिरंगुटला आलो त्याला तेव्हा दहा महिने झाले होते. सोपान ज्या छोट्या कारखान्यात इंजिनिअर होता तिथं एक नवं काम आलं होतं. हवामानाचे फोटो पाठवणारा उपग्रह आकाशातून जातो, त्याच्या मागोमाग तोंड फिरवत राहील अशी आठ फुटी डिश, आणि तिला फिरवणारी एक पेटी. त्या पेटीला ते कंट्रोलर म्हणायचे. तिच्या तोंडावर लाल आकड्यांच्या दोन ओळी. वरची डिशचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते उत्तरेपासून मोजून अंशांत सांगणार, खालची ते किती उंच आहे ते. उपग्रह बारा-तेरा मिनिटांत या डोंगराकडून त्या डोंगराकडं निघून जातो, तेवढा वेळ डिशनं त्याच्यावरून नजर हलवायची नाही. नजर हलली की फोटो संपला. दिल्लीचे साहेब येत्या गुरुवारी बघायला येणार होते. त्यांच्यासमोर चाललं तर बारा पेट्यांचं काम मिळणार होतं आणि आम्ही पिरंगुटला राहणार होतो; नाही तर विभागच बंद. हे सगळं मला सोपानकडून कळायचं, जेवताना. तो डाव्या हाताची मूठ उभी करायचा, ती डिश. आणि उजव्या हाताचं बोट आमटीतून काढून हवेत कमान काढायचा. पूर्वी तो हे मला सांगायचा. हल्ली मला ऐकवायचा. वाक्याची सुरुवात बदलली होती. जया म्हणते मोटरच्या ठिणगीनं आकडे उड्या मारतात. जया म्हणते वेग कमी करू. जया बावीस वर्षांची, त्याच वर्षी इंजिनिअर झालेली, पुण्याहून सकाळच्या बसनं यायची. सर्किटचा बोर्ड तिनं बनवला होता. एकदा घरी जेवायला आली होती. तिच्या बोटांना सोल्डरच्या राळेचा वास होता. लेकीला तिनं न विचारता उचललं, आणि लेक, जी माझ्या सख्ख्या बहिणीकडं जात नाही, ती तिच्या खांद्यावर गप्प राहिली. "वहिनी, सर सांगतात तुम्हाला फिजिक्समध्ये फर्स्ट क्लास होता," ती म्हणाली. "आता मेतकुटात आहे," मी म्हणाले. ती हसली, सोपानही हसला, आणि दोघं एकाच वेळी हसले हे मला नंतर चार दिवस आठवत राहिलं.

मला वाटायचं ते काय होतं, हे मी स्वतःला नीट विचारलं नव्हतं. सोपान तसा माणूस नाही. नांदे गावच्या शेतातून सायकलनं शिकायला गेलेला, कुणाच्या वाटेला न जाणारा. आमच्या वस्तीत बी.एस्सी. झालेली मी पहिली मुलगी. विहारात माझा सत्कार झाला होता, नारळ आणि फाउंटन पेन. आणि सोपान तिथंच मला पहिल्यांदा बघून गेला होता. त्यानं मला मार्कांवरून पसंत केलं असं तो थट्टेत म्हणायचा. मग मला भीती कशाची? संध्याकाळी तो बूट काढायचा तेव्हा त्याच्या पँटला माळावरची कुसळं चिकटलेली असायची. ती वेचताना मी मोजायचे, आज किती वेळ बाहेर उभा होता, एकटा की दोघं. आणि त्याहून वाईट म्हणजे मला त्या माळावर जायचं होतं. तिच्या जागी. त्या पेटीसमोर स्टुलावर बसून आकडे बघायचे होते. सोपानशेजारी ती उभी असते याचा मला जास्त त्रास होता की ती पेटीशेजारी उभी असते याचा, हे मी ठरवू शकत नव्हते. आणि हे दुसरं कुणाला सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, मूल झालं की बायकांच्या डोक्यात काहीबाही येतं.

त्या शनिवारी संध्याकाळी सोपान लवकर आला. जेवताना हवेत बोट फिरलं नाही. "बोर्डच खराब आहे," तो म्हणाला. "कंट्रोलर दहा अंश खातो. काल उपग्रह हरवला, तेव्हा मी हातानं डिश उजवीकडं दहा अंश ढकलली, तर तिथं होता. म्हणजे तिची मोजणीच चुकते. मी आज जरा बोललो तिला. रडली." मी विचारलं, "खूप बोललात?" "मालक बोलले जास्त. म्हणाले, पोरगी कशाला घेतली, आयटीआयचा एखादा मुलगा बरा होता. गुरुवारी नाही चाललं तर तिला ठेवणार नाहीत." मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, त्यानं मागितली नव्हती. लसणाची चटणी कुटली. उखळातला लसूण ठेचताना माझा हात हलका झाला होता, आणि मी लेकीला काहीतरी गुणगुणत होते. हे मी लिहिते आहे कारण ते तसंच झालं. एका मुलीची नोकरी जाणार होती आणि मला भूक लागली होती.

रविवारी अकरा वाजून गेल्यावर तो कागद मी पुन्हा काढला. फेकला नव्हता, डब्यांच्या फळीवर, वर्तमानपत्राच्या खाली ठेवला होता. वेळ आणि शब्द यांच्या मधे आकड्यांचा आणखी एक रकाना होता, पहिल्या दिवशी तो मला दिसलाच नव्हता, कारण पहिल्या दिवशी मी तो कागद बायको म्हणून वाचला होता. एक्याऐंशी, सापडला. चोवीस, हरवला. एकोणीस, हरवला. सत्त्याहत्तर, सापडला. ती उंची होती. उपग्रह डोक्यावरून गेला की सापडत होता, डोंगराच्या कडेकडेनं गेला की हरवत होता. मी लेकीला मांडीवर हलवत ते वाचलं आणि माझं हलवणं थांबलं. मोजणी चुकत असती तर कधी पाच अंश, कधी वीस अंश चुकली असती. डोक्यावर काय आणि कडेला काय, सारखीच चुकली असती. पण डिश सरळ वर बघत असेल तेव्हा दिशा चुकली तरी बिघडत नाही. आढ्याकडं बघत निजलेल्या माणसाला बाजूच्या भिंती कुठल्या आहेत याच्याशी काय करायचं? दिशा चुकल्याचं कळतं ते समोर बघताना. पेटी बरोबर मोजत होती. ती जिथून मोजायला सुरुवात करत होती ती उत्तर दिशाच चुकलेली होती, दहा अंशांनी, डावीकडं. चार ओळींत, कागद-पेन्सिल न घेता मला हे कळलं, आणि क्षणभर असा आनंद झाला की तसा बाळंतपणानंतर झाला नव्हता. जयाला कळलं नाही. सोपानला कळलं नाही. मला कळलं, दुधाच्या भांड्याकडं लक्ष ठेवून. उत्तर कुणी आखली असेल? तिनंच, आणखी कुणी. मी वाट बघत बसले, की रविवारीही कामावर गेलेला सोपान येईल आणि मी त्याला सांगेन, अगदी सहज, भाजी चिरता चिरता.

तेवढ्यात अंबाबाई शेळीचं दूध घेऊन आली. धनगराची म्हातारी, तिची शेरडं कारखान्याच्या माळावर चरायची. पलीकडच्या मोठ्या कारखान्याचा बाराचा भोंगा झाला. मी म्हटलं, "दुपार झाली अंबाबाई, उन्हात कुठं जाता, बसा." ती पायरीवर टेकली नाही. "कुटं झाली दुपार? भोंग्याला काय कळतंय, बाई? सावली बघ की तुझी, अजून आखडतीया. ती आखडायची थांबली म्हंजी दुपार. अजून घटका-दोन घटका हाय. भोंग्याच्या नादानं जेवाय बसली तर माजी शेरडं हासतील मला." ती गेली. मी दारात उभी राहिले. माझी सावली अंगणात तिरकी पडली होती, डोंगराच्या बाजूला, थोडी पश्चिमेला कललेली. भांड्यातलं दूध हातातच होतं. भारतभर घड्याळात बारा वाजतात ते अलाहाबादेच्या बाजूच्या रेषेवरचे. आपण त्या रेषेच्या जवळजवळ नऊ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं. सूर्य आपल्याकडं बाराला माध्यान्हीवर येतच नाही. साडेबाराला येतो, कधी पाऊणला. हे मला तोंडी परीक्षेत विचारलं होतं आणि मी बाहेरच्या परीक्षकाला फळ्यावर काढून दाखवलं होतं. डिश बसवली ती डिसेंबरात; तेव्हा अर्ध्या तासाच्या चुकीनं सावली किती फिरेल? मी हिशेब केला. दहा अंश.

आणि मग मला डिसेंबर आठवला. लेकीला ताप होता. मी तिच्या कपाळावर ओली घडी ठेवून बसले होते आणि सोपान दारातून बोलत होता, आत आला तर बुटाची धूळ येईल म्हणून. उत्तर शोधायला होकायंत्र चालत नाही, शेडच्या पत्र्याकडं आणि लोखंडी खांबाकडं सुई ओढली जाते, म्हणाला. "जया म्हणते ध्रुवतारा धरू. संध्याकाळी अंधार पडल्यावर माळावर थांबतो आम्ही, दोन दिवसांत खूण पक्की होईल." लेकीच्या कपाळावरची घडी गरम झाली होती. मी ती उलटी केली. माळ, अंधार, थंडी, दोघं माना वर करून, तो तिच्या खांद्यावरून बोट दाखवतोय, तो बघ. हे सगळं त्या एका घडीच्या उलटण्यात मला दिसलं. मी म्हणाले, "ध्रुवतारा कशाला? दुपारी बारा वाजता ओळंब्याची दोरी टांगा. सावली पडेल ती उत्तर. शाळेतल्या मुलाला येतं." सोपान खूश झाला. "बघ, फर्स्ट क्लास," म्हणाला. मला बारा आणि साडेबारातला फरक माहीत नव्हता असं नाही. त्या घटकेला मला फक्त दुपार हवी होती. दिवसाउजेडी, माणसांच्या वर्दळीत कुठलीही वेळ. मी जी तोंडाला आली ती सांगितली.

सोमवार गेला. मंगळवार गेला. मी सांगितलं नाही. रोज संध्याकाळी सोपान थकून यायचा, जयानं बोर्ड पुन्हा सोडवला, पुन्हा जोडला, म्हणायचा; आता तो 'जया म्हणते' असं म्हणत नव्हता, नुसतं 'ती' म्हणायचा, आणि तेही कपाळाला आठी घालून. हे मला हवं होतं ना? आता ते मिळालं होतं आणि मी रात्री कूस बदलत नव्हते, कारण कूस बदलली की तो विचारेल काय झालं. मला सांगायचं असतं तर दोन्ही सांगायला लागलं असतं: की मी शोधलं, आणि की मीच चुकवलं. पहिलं दुसऱ्याशिवाय बाहेर येत नव्हतं. आणि दुसऱ्याच्या मागे तिसरं होतं, ते तर मी स्वतःशीही वाक्यात बोलले नव्हते. बुधवारी तो म्हणाला, "मालकांनी तिला पत्र तयार ठेवलंय. उद्या साहेब गेले की देतील." मी विचारलं, "तुम्ही काही बोलला नाहीत?" तो म्हणाला, "काय बोलणार? बोर्ड तिचा." लेक झोपेत खोकली. मी तिला उचललं, आणि ती माझ्या खांद्यावर शांत झाली नाही.

गुरुवारी सोपान सातलाच गेला. आठ वाजता मी लेकीला शालीत गुंडाळलं आणि माळाची वाट धरली. शेडमधे जया एकटीच होती. सोपान नाक्यावर पुण्याला फोन लावायला गेला होता. पेटीचं झाकण उघडं, टेबलावर बोर्ड, तिचे डोळे सुजलेले. माझ्याकडं बघून ती उठली. "वहिनी, तुम्ही? सर नाक्यावर गेलेत." "तुझ्याकडंच आले," मी म्हणाले. तिला वाटलं मी भांडायला आले. ते तिच्या खांद्यांवरून कळलं. मी फळीवरून आणलेला तो कागद टेबलावर ठेवला. "हा सापडला. उंची लिहिलीयस ते बरं केलंस. वरचे सगळे सापडले, खालचे सगळे हरवले. तू उत्तर का नाही तपासलीस?"  "ती कशाला तपासायची?" ती म्हणाली. "ती तुम्ही सांगितली होती. सर तेव्हाच म्हणाले, कलानं सांगितलंय, तिथं बघायचं कारण नाही. मला पण वाटलं, सगळं चुकेल, ती नाही." तिनं हे कौतुकानं म्हटलं नाही, टोमण्यानंही नाही. मोजमाप सांगतात तसं म्हटलं. सहा आठवडे या शेडमधे माझ्या नावाची एक जागा होती, जिथं कुणी पाना लावला नव्हता, आणि मी घरात बसून तिच्या पँटला चिकटलेली कुसळं मोजत होते. तिच्या नाही, त्याच्या. मी म्हणाले, "मी चुकीची सांगितली. आपल्याकडं सूर्य बाराला येत नाही. खूण दहा अंश उजवीकडं सरकव. पुढचा कधी आहे?" तिनं घड्याळ बघितलं. "पंचवीस मिनिटं. एकवीस अंशाचा. कडेनं जाणारा." "मग पाना घे."

डिशच्या खांबाखाली एक गोल कडं होतं, चार बोल्टांनी आवळलेलं, कडेला अंशांच्या खुणा. लेकीला शालीवर बसवून मी खाली वाकून खुणा वाचत होते आणि जया बोल्ट सैल करत होती. तिसरा बोल्ट गंजला होता. तिनं त्याला शिवी दिली, मराठीत, चांगली गावाकडची, आणि मग माझ्याकडं बघून जीभ चावली. मी म्हटलं, "परत दे, ऐकलं नाही त्यानं." बोल्ट सुटला. आम्ही दोघींनी मिळून आठ फुटी डिश खांद्यानं रेटली. आठ. नऊ. थांब. दहा. तिनं आवळलं. आत येऊन तिनं बोर्ड बसवला, लेकीला मांडीवर घेतलं कारण माझे हात ग्रीसचे होते, आणि लाल आकडे हलायला लागले. बाहेर मोटर कण्हली, डिशनं तोंड दक्षिणेच्या डोंगराकडं नेलं आणि कडेनं सरकायला लागली. पेटीशेजारच्या मीटरचा काटा पडलेला होता. मग उठला. थरथरला, आणि वरच राहिला. एक मिनिट. दोन.  लेक आकड्यांकडं हात नेत होती. सात मिनिटं झाली तेव्हा सोपान धावत आला, त्यानं बाहेरून डिश फिरताना बघितली होती. काटा बघून तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"पकडलास बोर्डातला दोष," तो जयाला म्हणाला. "कुठं होता?" जयानं माझ्याकडं बघितलं. ती थांबली होती. तिच्या थांबण्यात सगळी मुभा होती. मी गप्प राहिले असते तर तीही राहिली असती. "बोर्डात नव्हता," मी म्हणाले. "उत्तर चुकली होती. बाराची सावली मी सांगितली होती तुम्हाला. साडेबाराची हवी होती." सोपान हसला, सुटकेचं हसू. "तू? तू कधी? मला वाटतं मीच ठरवलं ते. जाऊ दे, माझंच चुकलं." त्यानं ती चूक किती सहज उचलली, जशी माझ्या हातातली पिशवी उचलतो.  पाच दिवस जी मी एकटीनं वागवली, ती त्याला आठवतही नव्हती, आणि तो ती स्वतःच्या नावावर घेत होता. "तुमची नाही," मी म्हणाले, आवाज चढला. "दारात उभे होतात तुम्ही. लेकीला ताप होता. मी सांगितलं बारा, आणि मालकांना हे सांगा, आज, ते पत्र द्यायच्या आधी. माझी चूक आहे."  मग त्याला आठवत गेलं, हळूहळू. "हो," तो म्हणाला. "आम्ही ध्रुवतारा धरणार होतो. तूच नको म्हणालीस. का गं नको म्हणालीस?" मीटरचा काटा अजून वर होता, उपग्रह डोंगराकडं उतरत होता. जयाची मान लेकीच्या टाळूवर झुकली. तिला त्याच्या आधी कळलं होतं. "थंडी असते ना सर माळावर," ती खालच्या आवाजात म्हणाली. "डिसेंबरात. वहिनींना काळजी वाटली असेल."

"थंडीचं कारण नव्हतं," मी म्हणाले.